पंचेचाळिसावी रेषा आणि परातभर काकवी

१९८२ च्या ऑगस्टमध्ये नीलाचा चाळिसावा वाढदिवस आला, तेव्हा उल्हासनं तिला विचारलं, "या वर्षी मायक्रोवेव्ह घ्यायचा का? सगळ्यांकडे आलाय आता."

नीला सिंकपाशी भांडी विसळत होती. पाठ न वळवताच ती म्हणाली, "मला सेक्स्टंट हवाय."

"काय हवंय?"

"सेक्स्टंट. जहाजावर असतो तो. सूर्य किती वर आलाय ते मोजायचं यंत्र. प्लॅस्टिकचा मिळतो, पोस्टानं मागवता येतो. कॅटलॉगचं पान दुमडून ठेवलंय मी."

उल्हासनं वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांचं घर अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत होतं. सगळ्यात जवळचा समुद्र हजारएक मैलांवर. पण सोळा वर्षांच्या संसारात तो एक गोष्ट शिकला होता. नीलानं पान दुमडलं म्हणजे विचार करून झालेला असतो. त्यानं एवढंच विचारलं, "आणि जहाज?"

"जहाज नको," नीला म्हणाली. "गाडी आहे की आपल्याकडे."

नीला मूळची नागपूरची. गणित घेऊन बी.एस्सी. झाली, लग्न झालं आणि १९६७ साली नवऱ्यामागून मिनेसोटात आली. उल्हास घर तापवायच्या यंत्रांचे कंट्रोल बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. ती स्वतः एका कापडाच्या दुकानात अर्धा दिवस कापड मोजून कापून द्यायची. तिथल्या बायका म्हणायच्या, नीलाच्या हातचा वार पाव इंचही इकडेतिकडे होत नाही. बाकीचा अर्धा दिवस तिचा स्वतःचा. डायनिंग टेबलावर सोल्डरिंगची सळई तापवून तिनं किटमधून एक शॉर्टवेव्ह रेडिओ जोडला होता. अंगणात पावसाचं माप होतं. एकदा तिनं उल्हासच्या पट्ट्याला पावलं मोजायचं यंत्र लावून दिलं आणि संध्याकाळी त्याला सांगितलं की ऑफिसात तो दिवसभरात मैलभरही चालत नाही. उल्हासला ते फारसं आवडलं नाही, पण आकडा खोटा नव्हता.

सेक्स्टंटचं वेड मात्र एका पाटीपायी लागलं. मिनिॲपोलिसच्या वायव्येला चारुदत्त नावाचे उल्हासचे एक मित्र राहायचे. त्यांच्याकडे जाताना काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, रस्त्याकडेला एक हिरवी पाटी लागायची. पंचेचाळिसावा अक्षांश, विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या बरोबर मधोमध, असं तिच्यावर लिहिलेलं. दर वेळी नीला मान वळवून ती पाटी दिसेनाशी होईपर्यंत बघायची.

"हे कुणी मोजलं असेल हो?" तिनं एकदा विचारलं.

"सरकारनं."

"सरकार म्हणजे कोण? कुणीतरी एक माणूस इथं उभा राहिला असेल ना. त्यानं काहीतरी बघितलं असेल, लिहिलं असेल. कसं मोजलं असेल?"

मागच्या सीटवरून तेरा वर्षांची दीपा म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट अ साइन."

नीलाला ते पटलं नाही. लायब्ररीतून पुस्तकं आणून तिनं शोधून काढलं की हे कुणालाही मोजता येतं. भर दुपारी सूर्य सगळ्यात वर येतो, त्या क्षणी तो जमिनीपासून किती अंश वर आहे एवढं मोजायचं. त्या दिवसाचा एक आकडा पंचांगासारख्या जाडजूड पुस्तकातून घ्यायचा, आणि बेरीज-वजाबाकी केली की आपण विषुववृत्तापासून किती उत्तरेला आहोत ते कळतं. अडचण एकच. समुद्रावर आकाश आणि पाणी जिथं मिळतं ती सरळ रेघ दिसते, तिच्यापासून उंची मोजता येते. ईडन प्रेरीत झाडं, गॅरेजं आणि शेजाऱ्यांची छपरं.

यालाही पुस्तकात उपाय होता. ताटात एखादा दाट, काळपट द्रव ओतायचा. द्रव आपोआप सपाट होतो, अगदी पाणसळीत. त्यात सूर्याचं प्रतिबिंब पडतं. खरा सूर्य आणि ताटातला सूर्य यांच्यातला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा. दाट द्रव म्हणून पुस्तकात चक्क काकवी सुचवली होती. ग्रोसरीत मोलॅसिसच्या बाटल्या मिळायच्याच. नीलानं चार बाटल्या आणल्या आणि नागपूरहून आणलेली पितळेची परात माळ्यावरून काढली.

सप्टेंबरात यंत्र आलं. काळ्या प्लॅस्टिकचं, लहान आरसे आणि सूर्याकडे बघण्यासाठी गडद काचा असलेलं. ड्राइव्हवेवर परात मांडून, गवतात गुडघे टेकून नीला सूर्य मोजू लागली. एके दिवशी शाळा लवकर सुटली आणि बस समोर येऊन थांबली. दीपा बसमधूनच उतरत होती.

"आई, प्लीज," घरात येऊन तिनं दप्तर टाकलं. "नॉट व्हेन द बस कम्स."

"अगं, सूर्य बसची वेळ बघून वर येत नाही."

पहिले काही दिवस उत्तरं भलतीच आली. एकदा तर हिशेबानं त्यांचं घर कॅनडात निघालं. पण दोन आठवड्यांत हात बसला. नकाशाप्रमाणे त्यांच्या घराचा अक्षांश चव्वेचाळीस अंश एक्कावन्न मिनिटं होता, म्हणजे चव्वेचाळीस पूर्ण आणि पुढच्या अंशाचे साठातले एक्कावन्न भाग. नीलाचं उत्तर आता रोज त्याच्या भागभर अलीकडे-पलीकडे येऊ लागलं. साठातला एक भाग म्हणजे जमिनीवर सव्वा मैलसुद्धा नाही. रात्री जेवताना ती उल्हासला म्हणाली, "पोस्टाच्या पेटीपासून घरापर्यंत चालत यावं, तसं मी सूर्यापासून आपल्या घरापर्यंत येते." उल्हासनं मान डोलावली आणि भाजी वाढून घेतली. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं हे वाक्य दोघांना सांगितलं.

मग हिवाळा लागला. नीलानं ठरवलं, पाटीकडे जायचं ते वीस मार्चलाच. दिवस-रात्र सारखी असतात त्या दिवसांत मधल्या रेषेवर सूर्य भर दुपारी बरोबर अर्ध्या उंचीवर येतो. १९८३ साली वीस मार्चला रविवार होता. शनिवारीच तिनं परात, बाटल्या, वही, कॅल्क्युलेटर सगळं गाडीच्या ट्रंकमध्ये भरून ठेवलं.

रविवारी ऊन होतं, पण थंडी मरणाची. रस्त्याकडेला बर्फाचे काळपट ढीग. उल्हास हीटर लावून गाडीत बसून राहिला. नीलानं पाटीखाली परात ठेवली, काकवी ओतली, हातमोजे काढले आणि बाराच्या पुढे वीसेक मिनिटांपर्यंत एकामागून एक सहा वेळा सूर्य मोजला. बोटं लाल झाली. गाडीत येऊन तिनं हिशेब केला. मग पुन्हा केला.

"काय झालं?" उल्हासनं विचारलं.

"चव्वेचाळीस अंश चोपन्न मिनिटं," नीला म्हणाली. "अहो, ही पाटी चुकलीय. रेषा इथून सात मैल उत्तरेला आहे."

उल्हासनं तिच्याकडे बघितलं, मग पाटीकडे. "नक्की?"

"घरी माझं उत्तर कधी चुकलंय का? सहाच्या सहा मापं एकमेकांना धरून आहेत."

सोमवारी तिनं काउंटीच्या ऑफिसला नम्र पत्र लिहिलं. मापांचा तक्ता सोबत जोडला. आठवड्याभरानं ते चारुदत्तांना कळलं. ते तिथल्या मराठी मंडळाचं छोटंसं वार्तापत्र काढायचे, टाइप करून, झेरॉक्स काढून, स्टेपल मारून. पाडव्याच्या कार्यक्रमाला एका चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमले, तेव्हा प्रत्येकाच्या हातात ताजा अंक होता आणि पहिल्याच पानावर मथळा होता : मराठी गृहिणीने पकडली सरकारची चूक.

त्या संध्याकाळी श्रीखंडाच्या वाट्या घेऊन लोक नीलाभोवती गोळा झाले. कांचनताई वयानं सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "कौतुक आहे गं तुझं. पण त्या यंत्राला दुसरं काही नाव नाही का? चारचौघांत घ्यायची लाज वाटते." सगळे हसले. नीलाही हसली. एवढ्या वर्षांत मंडळात तिला लोक उल्हासची बायको म्हणून ओळखत होते, किंवा फार तर रव्याचे लाडू चांगले करते ती. आज डॉक्टर मंडळी तिला विचारत होती, रेषा नेमकी कुठून जाते? ती टेबलावर बोटानं काढून दाखवत होती.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. ऑफिसकडून नव्हे, तर आर्नी हाउगन नावाच्या एका निवृत्त सर्व्हेयरकडून. अक्षर मोठं आणि सुबक होतं. त्यांनी लिहिलं होतं की ऑफिसनं तुमचं पत्र माझ्याकडे पाठवलं, कारण १९६१ साली त्या पाटीची जागा मीच मोजली होती. तुमचा तक्ता फार नीटनेटका आहे. शनिवारी हवा चांगली असेल असं म्हणतात. तुम्ही पुन्हा मोजणार असाल तर मला बघायला आवडेल.

नीलानं पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे खरंच एक माणूस उभा होता तिथं," ती म्हणाली.

तेवीस एप्रिलला दुपारी ते भेटले. सत्तरीचे, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. सोबत घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास. रागाचा मागमूस नव्हता. "मी काहीच बोलणार नाही," ते म्हणाले. "नुसता बसतो."

बर्फ वितळला होता. गवतातून पाण्याचे ओहोळ वाहत होते आणि स्वेटरसुद्धा जड वाटावा असं ऊन होतं. नीलानं परात मांडली, काकवी ओतली, सूर्य मोजला. या वेळी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून हिशेब केला.

उत्तर आलं, चव्वेचाळीस अंश साडेएकोणसाठ मिनिटं. म्हणजे जवळजवळ काटेकोर पंचेचाळीस. पाटी अर्ध्या-पाऊण मैलाच्या आत बरोबर होती.

तीच जागा, तेच यंत्र, तोच हात. तिनं हिशेब आणखी दोनदा केला. उत्तर हललं नाही.

"मिस्टर हाउगन," ती म्हणाली, "पाटी बरोबर आहे."

"हं," आर्नी म्हणाले. तिनं अपेक्षा केली होती तसे ते हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "मार्चची वही बघू?"

त्यांनी पानं सावकाश उलटली. नीला प्रत्येक मापाशेजारी तापमानही लिहायची, कारण पुस्तकात तसं सांगितलं होतं. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "एकोणीस फॅरनहाइट," ते म्हणाले. "थंडी होती त्या दिवशी." आणि वही परत दिली.

निघताना मात्र ते गाडीच्या खिडकीपाशी वाकले. "तुम्हाला पाटीत चूक हवीच असेल तर एक आहे. आकडा बरोबर आहे, पण मधोमध हा शब्द बरोबर नाही. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे ना. खरा मध्य इथून दहा मैल उत्तरेला पडतो. मी तेव्हा सांगितलं होतं. म्हणाले, एवढं सगळं पाटीवर मावत नाही."

घरी येताना नीला वहीचं तेच पान उघडून बसली. उल्हासनं दोनदा तिच्याकडे बघितलं आणि रेडिओ बंद केला. एकोणीस फॅरनहाइट. थंडीनं काय बिघडलं असेल? प्लॅस्टिक आखडलं असेल? मग सहा मापं एकमेकांना धरून कशी? घरासमोर मोजण्यापेक्षा त्या दिवशी थंडी सोडून दुसरं काय वेगळं होतं? घराजवळ काकवी यायची स्वयंपाकघरातून. आणि त्या दिवशी... तिनं एकदम उल्हासच्या दंडावर हात ठेवला. "अहो, बाटल्या! शनिवारपासून ट्रंकमध्ये होत्या!"

तिनं चपलाही काढल्या नाहीत. काकवीची एक बाटली तळघरातल्या डीप फ्रीझरमध्ये ठेवली. रात्रभर थांबणं तिच्या जिवावर आलं, पण थांबली. रविवारी सकाळी तिनं फ्रीझरमध्येच परात ठेवून बाटली उलटी केली. काकवी पडेचना. शेवटी जाड दोरासारखी उतरली आणि परातीच्या एका बाजूला ढीग करून बसली. वरवर बघितलं तर दोनेक मिनिटांत सपाट झाल्यासारखी दिसली. नीलानं दोन्ही कडांना आगपेटीच्या काड्या उभ्या बुडवल्या आणि बाहेर काढून शेजारी धरल्या. ओतलेल्या बाजूची काडी जास्त भिजली होती.

दीपा कॉर्नफ्लेक्सचा वाडगा घेऊन जिन्यात उभी होती. "व्हॉट आर यू डूइंग?"

"काकवी किती वेळात सपाट होते ते बघतेय. तुझं ते पळायच्या टीमचं घड्याळ आहे ना? स्टॉपवॉच?"

दीपानं एक घास खाल्ला, विचार केला आणि घड्याळ घेऊन आली. दर पाच मिनिटांनी ती ओरडायची आणि नीला नव्या काड्या बुडवायची. दहा मिनिटं, फरक आहे. वीस मिनिटं, अजून आहे. फ्रीझरच्या थंड वाफेत दोघींची डोकी आत घातलेली. चाळीस मिनिटांनी दीपा किंचाळली, "मॉम, इट्स स्टिल मूव्हिंग! आई, दिस इज सो ग्रोस. डू इट अगेन."

दुसऱ्यांदा त्यांनी स्वयंपाकघरातली कोमट काकवी ओतली. अर्ध्या मिनिटात दोन्ही काड्या सारख्या.

तर हे असं होतं. मार्चमध्ये नीलानं ओतून दहाच मिनिटांत मोजायला सुरुवात केली होती. डोळ्याला सपाट दिसणारी काकवी अजून उतारावर होती, केसभर. तेवढ्या उतारानं रेषा सात मैल सरकली. आणि सहाही मापं त्या रेंगाळणाऱ्या उतारावरच घेतल्यामुळे सगळी एकाच दिशेनं चुकली होती, म्हणून एकमेकांना धरून होती. नीला तळघराच्या पायरीवर बसली. लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त तिला हसू येत होतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती तिच्या डोळ्यांसमोर होती.

त्याच संध्याकाळी तिनं चारुदत्तांना फोन केला. "अंकात दुरुस्ती छापायचीय. पाटी बरोबर आहे. मी चुकले."

"वहिनी, कशाला आता?" चारुदत्त म्हणाले. "लोक खूश आहेत. आमच्या एका पाहुण्यांनी तो अंक मिशिगनमधल्या नोव्हायला नेला दाखवायला. आणि कोण जाणार आहे मोजायला?"

"मी गेले ना मोजायला."

"मग शेवटच्या पानावर दोन ओळी टाकतो."

"दोन ओळींत मावणार नाही," नीला म्हणाली. "चित्र पण आहे."

मे महिन्याच्या अंकात दुरुस्ती आली, मूळ बातमीच्या तिप्पट लांब. परातीचं आडवं छेदचित्र, काड्यांची मापं, दीपानं घेतलेल्या वेळा. पाडव्याला भोवती जमलेल्यांपैकी काहींनी मंडळाच्या पिकनिकला तिला बघून विषय बदलला. कांचनताई मात्र सरळ येऊन म्हणाल्या, "मला आधी काही कळलं नव्हतं. आता काकवीचं कळलं. मी पाकाची तार बघते, तेव्हा हेच होतं की." त्या दोघी मग पाकावर अर्धा तास बोलल्या.

नीलानं दुरुस्तीचं इंग्रजी करून आर्नींनाही पाठवलं. उत्तर फोननं आलं. ते म्हणाले की आमच्या वेळी आम्ही गाडीचं वापरलेलं इंजिन ऑइल घ्यायचो, थंडीत ते बरं पडतं. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही स्वतः शोधाल असं वाटलं. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, तुम्ही नोकरी कुठं करता? त्यांच्या ओळखीच्या एका छोट्या सर्व्हे ऑफिसला हिशेबनीस हवा होता. शेतातून, रस्त्यांवरून आलेली मापं तपासून नकाशासाठी आकडे तयार करणारा.

"मला अनुभव नाही," नीला म्हणाली.

"मी त्यांना तुमचा लेख दाखवलाय," आर्नी म्हणाले.

सप्टेंबरपासून नीला तिथं जाऊ लागली. पहिल्या महिन्यात ती घाबरून प्रत्येक आकडा तीनदा तपासायची. दुसऱ्या महिन्यात तिनं एका तळ्याकाठच्या प्लॉटच्या मापातली चूक काढली. मोजणाऱ्या मुलांनी आधी वाद घातला, मग जाऊन पुन्हा मोजलं. वर्षभरात फील्डवरून आल्यावर ती मुलं वह्या थेट तिच्या टेबलावर आणून ठेवू लागली आणि उभी राहून विचारू लागली, "नीला, ठीक आहे का?"

सुट्ट्यांचा रंगही बदलला. पूर्वी ते डिस्ने वर्ल्ड नाहीतर नायगारा असं करायचे. आता नीला भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावायची. आर्नींनी सांगितलेला खरा मध्य, मिसिसिपीचा उगम, जिथं ती नदी दगडांवरून उड्या मारत ओलांडता येते, नॉर्थ डकोटातलं खंडाचा मध्यबिंदू म्हणवणारं गाव. एकदा त्यांच्यासोबत चारुदत्तांचं कुटुंबही आलं. आठ तास गाडी चालवून त्या गावातल्या एका दगडाच्या मनोऱ्याशी पोचल्यावर चारुदत्त म्हणाले, "एवढंच?" आणि पुढचा पाऊण तास त्यांनी नीलाला प्रश्न विचारण्यात घालवला.

१९८६ च्या जूनमध्ये उल्हास आणि नीला दोघंच पश्चिमेला ब्राउन्स व्हॅली नावाच्या गावी गेले. तिथं दोन तळी आहेत, मध्ये जेमतेम पाच मैल सपाट जमीन. उत्तरेकडच्या तळ्याचं पाणी कॅनडातून हडसनच्या उपसागराला जातं आणि दक्षिणेकडचं मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताला. मध्ये ना डोंगर, ना टेकडी. नीला दोन्ही तळ्यांमधल्या रस्त्यानं दोनदा फिरली. पाणी नेमकं कुठं फुटतं ते कळेना.

शेवटी तिनं एका शेतकऱ्याला गाठलं. तो कुंपणाची तार ताणत होता. "तुमच्या या चरातलं पाणी कुठं जातं?" तिनं विचारलं. "उत्तरेला की दक्षिणेला?"

तो माणूस टोपी मागं सारून चराकडे बघत राहिला, जणू हा प्रश्न त्यानंही पहिल्यांदाच ऐकला होता.

"कसं वर्ष आहे, त्यावर आहे ते," तो म्हणाला. "आणि वाऱ्यावर."

नीलानं उल्हासकडे बघितलं. उल्हासनं गाडीची ट्रंक उघडली आणि तिचं जमिनीचा चढउतार मोजायचं लेव्हल-यंत्र आणि मोजपट्टी बाहेर काढली.